पानाच्या कोपऱ्यातला माणूस

'रेसिडेन्सी' हा शब्द कानावर पडला की आखातात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आधी व्हिसाच आठवतो. पूर्वी तो पासपोर्टच्या पानावर चिकटवून मिळत असे. 2022 पासून तो एमिरेट्स आयडीवर आला, पण मुदत, मेडिकल, नूतनीकरण ही साखळी काही सुटली नाही. कलेच्या जगात मात्र या शब्दाला निराळा अर्थ आहे. एखाद्या कलावंताला ठरावीक काळासाठी जागा, साधने आणि थोडी उसंत द्यायची, आणि त्याने तिथल्या माणसांमध्ये राहून काम करायचे, याला तिकडे रेसिडेन्सी म्हणतात. म्हणजे मुदत तिथेही आहेच! फरक इतकाच की मुदत संपल्यावर कलावंत जातो आणि त्याचे काम मागे राहते. आपल्याबाबतीत काय मागे राहते, हा प्रश्न या लेखाच्या शेवटी येणार आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका तक्रारीमुळे. आपल्या मंडळाचे ग्रंथालय म्हणजे शारजातल्या एका सभासदांच्या दिवाणखान्यातली तीन कपाटे, हे सर्वांना माहीत आहे. महिन्यातून एकदा शनिवारी सकाळी ती उघडतात. गेल्या हिवाळ्यात एकदा परत आलेले एक जुने पुस्तक हातात धरून ग्रंथालय सांभाळणाऱ्या काकू रागावून उभ्या होत्या. "अहो, हे बघा काय करून ठेवलंय!" पुस्तकाच्या प्रत्येक उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक काडीचा माणूस काढलेला होता. अपराधी समोरच उभा होता, वय वर्षे दहा. तो हळूच म्हणाला, "काकू, नुसतं बघू नका. फ्लिप करा ना." काकूंनी अंगठ्याखालून पाने भराभर सोडली आणि तो माणूस जिना चढू लागला. काकूंचा राग तिथेच निम्मा उतरला.

त्या मुलाला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. पुस्तक त्याच्या आजीने नेले होते. न वाचता येणाऱ्या मराठी पुस्तकात त्याने आपल्यापुरते काहीतरी करून ठेवले होते. ते चूक की बरोबर, हा वाद आपण बाजूला ठेवू. त्याने जे केले त्याचे पेटंट 1868 साली बर्मिंगहॅमच्या जॉन बार्न्स लिनेट याने घेतले होते. त्याने त्या पुस्तकाला 'किनिओग्राफ' असे नाव दिले होते. सिनेमाचा प्रोजेक्टर यायला अजून पाव शतकाहून अधिक काळ होता. चित्र हलवणारे आणि खिशात मावणारे हे साधे यंत्र म्हणजे एक पुस्तकच होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

हलणारे चित्र हलते कुठे?

शाळेत आपल्याला 'दृष्टिसातत्य' शिकवले गेले. डोळ्यांच्या पडद्यावर प्रतिमा क्षणभर रेंगाळते, त्यामुळे एकामागून एक येणारी चित्रे जोडली जातात, असे ते स्पष्टीकरण होते. ते अपुरे आहे. प्रतिमा नुसती रेंगाळलीच असती तर आपल्याला चित्रांचा एकावर एक चढलेला गिचमिडा दिसला असता, हालचाल दिसली नसती. मीना बाजारातल्या दुकानांच्या पाट्यांवर पळणारे दिवे पाहा. एकही दिवा जागचा हलत नाही. एक विझतो, शेजारचा लागतो आणि आपल्याला मात्र उजेड धावताना दिसतो. या भासाचा पद्धतशीर अभ्यास मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने 1912 साली प्रसिद्ध केला. हालचाल डोळ्यात साठून राहत नाही. दोन स्थिर गोष्टींच्या मधली जागा मेंदू स्वतः भरून काढतो आणि तीच आपल्याला हालचाल म्हणून दिसते.

सिनेमात सेकंदाला 24 चौकटी असतात. हाताने काढलेल्या चित्रपटात बहुधा एक चित्र दोन चौकटींपुरते ठेवतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रे पुरतात. व्यावसायिक कार्टूनमध्ये या 12 चित्रांचे काम ससा, उंदीर किंवा माणूस खराखुरा चालतो आहे असे भासवण्याचे असते. 'प्रयोगशील' ॲनिमेशन इथे वेगळी वाट धरते. त्यात गोष्ट नसेल, पात्र नसेल, कधी कॅमेराही नसेल. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डमध्ये नॉर्मन मॅक्लॅरेन याने 1955 साली 'ब्लिंकिटी ब्लँक' काढला तो काळ्या फिल्मवर थेट ओरखडे काढून. एखादी रेष, डाग किंवा कागदाचा कपटा काळात कसा वागतो, हाच तिथे विषय असतो. गाण्यातल्या आलापाला जसा शब्दार्थ विचारायचा नसतो, तसेच हे आहे.

फाळक्यांचा वाटाणा

या प्रयोगांची आपल्याकडची सुरुवात कोणत्याही बड्या स्टुडिओत झाली नाही. 1912 साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल हवे होते आणि सिनेमा ही काय चीज आहे हे सावकाराला पटवायचे होते. म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाचे चित्रण केले. 'अंकुराची वाढ' या नावाने ती फिल्म ओळखली जाते. पडद्यावर मिनिटभरात बी रुजले, कोंब आला, वेल चढला. पुढे 1915 साली त्यांनी आगपेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' हा लघुपटही केला.

अभियंत्याच्या खोडीप्रमाणे मी इथे हिशेब मांडून पाहिला. फाळके रोज एक चौकट घेत, असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. हाताने फिरवायच्या त्या काळच्या कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला साधारण 16 चौकटी धरला, तर महिन्याच्या 30 चौकटी दोन सेकंदांतच संपतील. मिनिटभराच्या फिल्मला 960 चौकटी लागतात, म्हणजे दिवसाला तीसेक. तेव्हा एकतर रोज बऱ्याच चौकटी घेतल्या असणार, किंवा छपाईत एकेक चौकट पुन्हा पुन्हा वापरली असणार. हिशेब काहीही असो, एका घरात, एका कुंडीसमोर, महिनाभर न कंटाळता रोज तेच काम करत राहणे हा या कलेचा कणा आहे. रोपाला घाई करता येत नाही आणि कॅमेरा जागचा हलवता येत नाही. म्हणजे मुख्यतः लागते ती महिनाभर कोणी धक्का लावणार नाही अशी जागा.

नेपियन सी रोडवरची कार्यशाळा

अशी जागा इतरांसाठी मुद्दाम निर्माण करण्याचे आपल्या भागातले ठळक उदाहरण मुंबईचे आहे. चित्रकार अकबर पदमसी (1928–2020) हे जे.जे.चे विद्यार्थी. 1969 साली त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. ते पैसे केवळ स्वतःच्या चित्रांसाठी न वापरता त्यांनी नेपियन सी रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केले. तिथे 16 मिलिमीटरचा कॅमेरा होता, फोटो धुण्याची सोय होती, एचिंगचे यंत्र होते. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले आणि एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा तिथे येत. चित्रकाराने कॅमेरा हाताळावा, सिनेमावाल्याने चित्र काढून पाहावे, असा हा मामला होता. 1972 पर्यंत तो चालला.

स्वतः पदमसींनी तिथे 'सिझिजी' हा सुमारे अकरा मिनिटांचा मूकपट केला. त्यात बिंदू, अंक आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा आहेत, दुसरे काही नाही. त्यासाठी त्यांनी सुमारे हजार रेखाचित्रे काढली. ॲनिमेशनच्या कामात राम मोहन यांचे साहाय्य होते. 1956 पासून फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात तयार झालेले ते राम मोहन. 'सिझिजी' म्हणजे तीन खगोलांचे एका रेषेत येणे. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र येतात तसे. अकरा मिनिटे म्हणजे सेकंदाला 24च्या वेगाने 15,840 चौकटी. हजार चित्रांत त्या वाटल्या तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला सरासरी 16 चौकटी, म्हणजे पाऊण सेकंदाहून थोडा कमी वेळ येतो. कार्टूनमध्ये चित्र सेकंदाच्या बाराव्या भागात निघून जाते. इथे ते इतका वेळ थांबते की पाहणारा पुढची रेष कुठून निघेल याचा अंदाज बांधू लागतो. आम्ही संगणकवाले प्रोग्रॅम एकेक पायरी चालवून पाहतो, त्याची मला आठवण झाली. संगणक हाताशी नसताना या माणसाने हाताने एक नियमावली चालवून दाखवली होती.

तिथे येणाऱ्यांत वयाने लहान असलेली एक चित्रकार होती, नलिनी मलानी. फाळणीच्या आदल्या वर्षी कराचीत जन्म, शिक्षण जे.जे.मध्ये. तिने 1969 साली इमारतींची एक छोटी प्रतिकृती बनवली, रंगीत उजेडात तिचे एकेक चौकट चित्रण केले आणि 'ड्रीम हाउसेस' हा लघुपट तयार झाला. स्वतंत्र भारतातल्या आधुनिक घरांचे ते स्वप्न होते. पुढे 1976 साली मुंबईतल्या झोपडपट्टीकडे पाहणारे कृष्णधवल चित्रण तिने त्याच्या शेजारी ठेवले आणि जोडकृतीला 'युटोपिया' असे नाव दिले. पन्नास वर्षांनी, 2020 मध्ये, लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत त्याच मलानीबाईंनी आयपॅडवर बोटाने काढलेली 88 ॲनिमेशन भिंतींवर सोडली. विशीत एका फ्लॅटमध्ये मिळालेला कॅमेरा माणसाला सत्तरीपर्यंत पुरतो, तो असा.

आता या कार्यशाळेची दुसरी बाजू. पदमसींनी आणखी एक फिल्म केली होती, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'. ती रंगीत होती आणि तिची एकच प्रत होती. ती दिल्लीला प्रदर्शनासाठी पाठवली आणि पुन्हा मिळाली नाही. 2016 मध्ये दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींच्या आठवणींच्या आधारे त्या फिल्मचा माग काढणारा माहितीपट केला, तेव्हा हातात होती ती केवळ आठवण. मूळ फिल्म आज कुठेच नाही. ती कार्यशाळा कल्पक होती, उदार होती, पण तिथे कपाट सांभाळणारे कोणी नव्हते.

गॅरेजवरचा राजपुत्र

याच्या उलट उदाहरण जर्मनीचे आहे आणि गोष्ट आपल्या शेजारची, अरबी सुरस कथांमधली! लोटे रायनिगर ही तरुणी काळा कागद कात्रीने कापून सावल्यांच्या आकृत्या करीत असे. लुई हागेन नावाच्या बँकरने महागाईच्या काळात गुंतवणूक म्हणून कच्ची फिल्म घेऊन ठेवली होती. ती त्याने तिला दिली आणि पॉट्सडॅममधल्या आपल्या गॅरेजच्या वर काम करायला जागा दिली. 1923 ते 1926 अशी तीन वर्षे खपून तिने 'प्रिन्स अहमदची साहसे' पुरा केला. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या मूळ जर्मन प्रती नष्ट झाल्या. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात एक प्रत राहिली होती, तिच्यावरून पुढे त्याचे पुनरुज्जीवन झाले. म्हणजे जागा दिली गॅरेजवाल्याने, पण चित्रपट वाचवला संग्रहालयाने.

सावल्यांची ही कला आपल्याला परकी नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे लोक चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात आणि चित्रकथीही सांगतात. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत. एक चित्र पुढे धरायचे, कथा गायची, मग ते मागे टाकून दुसरे पुढे घ्यायचे. दोन चित्रांमधली जागा ऐकणाऱ्याने भरायची. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या घराण्याने पिंगुळीत संग्रहालय उभारले आहे. पोथी, खेळ आणि जतन ही तिन्ही कामे तिथे एकाच अंगणात होतात.

मग हे ग्रंथालयात कशाला?

माझा मुद्दा इथे येतो. रेसिडेन्सीला लागते जागा, वेळ आणि शेजार. तयार झालेल्या कामाला लागते कपाट आणि ते सांभाळणारा माणूस. या दोन्ही गोष्टी ज्या ठिकाणी आधीपासून असतात त्याला आपण ग्रंथालय म्हणतो. ॲनिमेशन हे काम शांत आहे, टेबलावर बसून करायचे आहे आणि त्याची मूळ सामग्री कागद हीच आहे. शिवाय ग्रंथालयात सगळ्या वयाची माणसे येतात. ज्याला लिपी येत नाही त्यालाही रेष येते, आणि रेषेवरून अक्षराकडे जाणे तितके लांब नाही. त्या मुलाला जिना चढणाऱ्या माणसाऐवजी 'अ'चा 'आ' होताना काढायला सांगितले, तर तो बाराखडी बारा चित्रांत स्वतःच हलवून पाहील. बारा चित्रे म्हणजे बरोबर एक सेकंद!

आपण राहतो त्या देशात या दोन्ही परंपरा रुजलेल्या आहेत. शारजाच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे मूळ 1925 सालचे. दुबईतले अल रासचे ग्रंथालय 1963 पासूनचे. दुबईत 2008 साली सुरू झालेल्या 'तश्कील'मध्ये कलावंतांसाठी कार्यशाळा आणि रेसिडेन्सी आहेत. जद्दाफच्या किनाऱ्यावरच्या जमील आर्ट्स सेंटरमध्ये 2018 पासून कलेच्या पुस्तकांचे सर्वांना खुले असलेले ग्रंथालय आहे. आणि ॲनिमेशन म्हणाल तर 2006 च्या रमझानमध्ये आलेली 'फ्रीज' ही मालिका अनेकांना आठवत असेल. बदलत्या दुबईत आपला मोहल्ला धरून बसलेल्या चार आज्या त्यात होत्या. मोहम्मद सईद हारिब यांनी त्या आपल्या आजीच्या पिढीवरून रंगवल्या. आपली भाषा, आपली गल्ली हातातून निसटते आहे ही चिंता फक्त परदेशी मराठी माणसाची नाही. यजमानांनाही ती होती आणि त्यांनी तिचे उत्तर चित्रांत शोधले.

प्रत्यक्षात काय लागेल?

खर्चाची भीती घालणाऱ्यांसाठी यादी देतो. एक जुना फोन आणि तो टेबलावर खाली तोंड करून घट्ट धरणारा स्टँड. दोन सारखे दिवे. खिडकीचा उजेड नको, कारण ऊन सरकते आणि चित्र लुकलुकते. फोनमधला प्रकाशाचा आणि फोकसचा आपोआप बदल बंद ठेवायचा. कागद एकावर एक नेमके बसावेत म्हणून ऑफिसातले दोन भोकांचे पंच आणि पुठ्ठ्यावर त्या अंतरावर बसवलेल्या दोन खुंट्या. चित्रे जोडणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. वीस मुलांनी प्रत्येकी 12 चित्रे काढली तर 240 चित्रांचे वीस सेकंद होतात. ऐकायला फार थोडे वाटते, पण एका मुलाचा एक सेकंद म्हणजे त्याची दोन-तीन तासांची एकाग्रता आहे, हे आईबापांना चांगले समजेल.

कलावंताला महिनाभर बोलवावे. त्याने अर्धा वेळ स्वतःचे काम करावे आणि अर्धा वेळ आपल्यात बसावे. 'मुलांचे शिबिर' असा त्याचा सांगाडा करू नये. पदमसींच्या फ्लॅटमध्ये कोणी कोणाला शिकवत नव्हते, सगळे शेजारी बसून काम करत होते. आपल्यातल्या निवृत्त आईवडिलांनी, जे तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर येऊन बाल्कनीत बसून कंटाळतात, त्यांनीही चित्रे काढावीत.

आणि जतन. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: प्रती तीन, प्रकार दोन आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या गावी. प्रत्येक फिल्मच्या तीन प्रती करायच्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवायच्या आणि एक प्रत महाराष्ट्रातल्या एखाद्या ग्रंथालयाकडे पाठवायची. मूळ कागद क्रमांक घालून कपाटात ठेवायचे. डिस्क दगा देते, फाइलचे प्रकार जुने होतात, पण 240 क्रमांकित कागद असले की फिल्म पुन्हा उभी करता येते.

आता शेवटचा प्रश्न

आपल्या कपाटातली बहुतेक पुस्तके विकत घेतलेली नाहीत. नोकरी संपली, निवृत्ती आली, मुले कॉलेजला गेली, की इथला मराठी माणूस सामान आवरतो आणि पुस्तके मंडळाला देतो. पहिल्या पानावर नाव, गाव आणि वर्ष. ही कपाटे म्हणजे इथून गेलेल्यांची एकमेव हजेरीवही आहे. आणि ती ज्यांच्या घरात आहेत ते काका-काकू येत्या जूनमध्ये कायमचे पुण्याला परतत आहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'ग्रंथालयाची विल्हेवाट' असा शब्द आला आहे. हल्ली कोणी पुस्तके नेत नाही, जागा कोणाकडे नाही, हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. मी स्वतः गेल्या वर्षात चारच पुस्तके नेली, हेही कबूल करतो.

पण विल्हेवाट लावण्याआधी एक महिना ही कपाटे एका मोठ्या टेबलाशेजारी ठेवून पाहावी, अशी माझी सूचना आहे. मंडळातल्या कोणाच्या ऑफिसात, गोदामात, शाळेच्या ओळखीने एखादी खोली मिळत असेल तर जरूर कळवावे. एक चित्रकार, एक फोन, दोन दिवे आणि आपली कपाटे. त्यानंतरही कोणी फिरकले नाही, तर मी स्वतः पुस्तके खोक्यांत भरायला येईन.

जाता जाता त्या पुस्तकाविषयी. काकूंनी कोपऱ्यातल्या आकृत्या खोडल्या नाहीत. मी ते पुस्तक मागून घेतले आणि पाने सोडून पाहिली. माणूस नव्वदाव्या पानापर्यंत जिना चढतो आणि तिथे थांबतो. पुढची पाने कोरी आहेत. "का रे थांबलास?" असे मी त्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "आजीनं पुस्तक परत करायला काढलं."